दारातला पत्रा

"आधी हात दाखवा," तळघरातला माणूस म्हणाला.

माझ्या एका हातात ओलसर चादरींची टोपली होती, दुसऱ्या हातात किल्ली. शुक्रवारची सकाळ, माझी पाळी. नियमानं दुपारपर्यंत तळघरातलं चादरी दाबायचं यंत्र माझं होतं. आणि कोपरापर्यंत काळ्या शाईनं माखलेला, पांढऱ्या मिश्यांचा हा कोण बाप्या माझेच हात तपासायला निघाला होता. पण देश परका, त्यात मी नवखी. टोपली खाली ठेवली आणि शाळेत नखं दाखवायचो तसे दोन्ही हात, काचेच्या बांगड्यांसकट, पुढे केले.

"स्वच्छ आहेत," तो म्हणाला. जणू मी कसलीशी परीक्षा पास झाले होते. "आता माझे बघा. या हातांनी कागद धरला की कागद मेला. तुम्ही पलीकडचे दोन कोपरे धरा. ओढायचं नाही, उचलायचं. झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढतात ना, तसं."

मी उचललं.

खाली एक पत्रा होता. ठोकलेला, भोसकलेला, एका बाजूनं जाळलेलासुद्धा. आपल्याकडे भंगारवाल्यानंही नाक मुरडलं असतं असा. आणि माझ्या हातातल्या ओल्या कागदावर त्याचं जे झालं होतं ते मला आजही धड सांगता येत नाही. नटबोल्टांचे ठसे ओळखू येत होते, करवतीच्या पात्याचे दातही. पण सगळं मिळून जत्रा उठून गेल्यावरच्या माळासारखं दिसत होतं. माणूस एकही नाही, आणि सगळी आत्ताआत्ता इथेच होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुम्हाला काय दिसतं?"

"माळ."

"मग माळ. काल नळदुरुस्तीवाला आला होता, त्याला त्याची सासू दिसली. मी दोघांनाही नाही म्हणणार नाही."

चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. गाव ब्रनो, चेकोस्लोव्हाकियातलं. आमच्या ह्यांच्या कंपनीनं, सांगलीजवळच्या, तिकडून मोठी यंत्रं घेतली होती आणि ती चालवायला शिकण्यासाठी ह्यांना वर्षभर तिकडे पाठवलं होतं. मी मागाहून गेले. इचलकरंजीची मुलगी मी, मॅट्रिक होऊन शिवणक्लास केलेला, लग्नाला वर्ष झालेलं. आम्हाला चार मजली इमारतीत दोन खोल्या मिळाल्या. तिकडे पान म्हणजे श्रीयुत आणि पानी म्हणजे श्रीमती. शिवाय बाईच्या आडनावाला शेवटी 'ओवा' जोडतात, त्यामुळे मी खटावकरची पानी खटावकारोवा झाले. "ओवा घातल्याशिवाय त्यांना आपलं आडनाव पचत नसेल," हे म्हणाले, आणि आठवडाभर स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले.

इमारतीच्या तळघरात धुण्याची खोली होती आणि तिथे ते यंत्र. त्याला तिकडे मांडल म्हणतात. उसाच्या चरकासारखे दोन जाडजूड लाकडी रूळ, वरून दाब कमी-जास्त करायला स्क्रू, बाजूला फिरवायचं चाक. ओलसर चादर एकीकडून घालायची, दुसरीकडून ती इस्त्री केल्यासारखी बाहेर पडते. प्रत्येक घराला आठवड्यातून एक पाळी. सगळ्यावर लक्ष ठेवायला घरप्रमुख, पानी शेब्कोवा. पन्नाशीपुढची, एकटी, आडव्या बांध्याची बाई. जिन्यात कुणाच्या बुटाची माती पडली तर ती माती कुठल्या मजल्याची हे ती वासावरून सांगायची, असं म्हणत.

आणि तो शाईवाला माणूस म्हणजे आमच्या इमारतीचा बॉयलर पेटवणारा. पान कुबात. आलोइस कुबात.

त्या पहिल्या दिवशी मी माझ्या चादरी घालायला गेले तर त्यानं आधी रूळ दोनदा पुसून दिले. मग बॉयलरच्या खोलीकडे जाताना दारात थांबला.

"पानी खटावकारोवा, एक विनंती आहे. इथे काय पाहिलं ते शेब्कोवाबाईंना सांगू नका. हे यंत्र धुण्यासाठी आहे, हे खरंच आहे. पण माझ्याकडे दुसरं नाही. हे गेलं की मी संपलो."

"संपलो म्हणजे?"

"म्हणजे बॉयलर पेटवीन. तेवढंच करीन."

हे सगळं मी इथे सरळ मराठीत सांगते आहे. प्रत्यक्षात माझं चेक तेव्हा भाजीच्या दुकानापुरतं होतं आणि निम्मं बोलणं हातवाऱ्यांत व्हायचं. पण कळायचं. ज्याला सांगायचं असतं त्याचं कळतं.

तर माझा शुक्रवार त्याचा झाला. माझं धुणं ते काय, दोघांच्या चादरी आणि चार अभ्रे. साड्या त्या चरकात घालायची माझी छाती नव्हती. अर्ध्या तासात माझं उरकायचं, मग तो पत्रे घेऊन यायचा. छापण्याच्या कामाला दोन माणसं लागतात, एक मळक्या हातांचं आणि एक स्वच्छ हातांचं. तो शाई पत्र्यावर चोळायचा, ओरखड्या-ओरखड्यात भरायचा आणि मग वरची सगळी जाळीच्या फडक्यानं पुसून टाकायचा, शेवटी तळहातानं. मी ओला कागद त्यावर ठेवायचे, वर जाड लोकरीचं कापड, आणि मग तो चाक फिरवायचा. कागद खोबणीत घुसून शाई ओढून आणायचा. सखल होतं ते काळं, सपाट होतं ते पांढरं. "जिथे लागलंय तिथेच छापतं," तो म्हणायचा. "बाकीचं पत्रा विसरून जातो."

त्याची गोष्ट अशीच शुक्रवारी-शुक्रवारी, तुकड्यातुकड्यांनी कळली. लढाईत त्याला अठराव्या वर्षी जर्मनीतल्या कारखान्यात मजुरीला धरून नेलं. एके दिवशी कारखान्यावर बॉम्ब पडले. ढिगाऱ्यातून तो बाहेर आला तेव्हा समोर पत्र्याची एक भिंत उरली होती, आणि शेकडो माणसं, यंत्रं, आग, सगळं त्या पत्र्यावर उमटलेलं होतं.

"लढाईनंतर चित्रशाळेत गेलो," तो म्हणाला. "मास्तरांनी फुलदाणी मांडली. म्हणाले, काढा. मी तासभर बघत बसलो. फुलदाणीला काहीच झालेलं नव्हतं हो."

मग तो स्वतःहून कारखान्यात लागला. जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या पत्र्यावर हाताला येईल ते ठोकायचा, वॉशर, कानस, तुटके ड्रिल. मॅग्नेटनं लोखंडाचा कीस ओढून त्याच्या रांगोळ्या करायचा आणि त्याही छापायचा. छाप कारखान्याच्या फाटकावर टाचणीनं लावून ठेवायचा, ज्याला हवा त्यानं न्यावा. कामगार न्यायचे आणि कपाटात भांड्यांखाली अंथरायचे.

"वाईट नाही वाटलं?"

"का? रोज बशा काढताना बघत असतील. संग्रहालयात कोण रोज जातं?"

संग्रहालयंही झाली होती म्हणे, साठीच्या दशकात. व्हिएन्नात, मिलानला त्याची चित्रं लागली. मग अडुसष्ट साली रशियाचे रणगाडे आले. त्यानं कुठल्याशा निषेधाच्या कागदावर सही केली, आणि चित्रकारांच्या संघातून नाव गेलं, त्यामागून काम करायची खोली गेली, खोलीबरोबर छापायचं मोठं यंत्र गेलं. हे सांगताना त्याचा सूर बस चुकली म्हणून सांगावं तसा होता. "बॉयलरचं एक बरं आहे," तो म्हणाला, "कागद लवकर वाळतात."

थंडी सुरू झाली तशी इमारतीच्या मुख्य दारातली काथ्याची चटई कुजली. कुबातनं ती काढली आणि तिथे उंबऱ्याला लागून जस्ताचा कोरा पत्रा स्क्रूनं बसवला. दाराएवढा लांब, दीड हात रुंद. पानी शेब्कोवाला पसंत पडला, बर्फ चटकन झाडता येईल म्हणाली. मला मात्र शुक्रवारी त्यानं कागद ओला करता करता सांगितलं.

"तो पत्रा मी ठोकणार नाही. या वेळी मी काहीच करणार नाही. हिवाळाभर घर त्यावरून चालेल. मग काढून छापू."

"लोकांना सांगितलंत?"

"नाही. तुम्हीही सांगायचं नाही. माहीत झालं की माणूस चालत नाही, चालून दाखवतो."

मी मान हलवली. आणि संध्याकाळी ब्रेड घेऊन परत आले तेव्हा पत्र्यापाशी माझा पाय अडला.

आता हे चेक माणसाला कसं समजावणार? आपल्याकडे वहीला पाय लागला तर आपण ती कपाळाला लावतो. पेन्सिलीलासुद्धा. आणि हे तर चित्र होतं, अजून छापलेलं नसलं म्हणून काय झालं. गर्भातलं मूल मूल नसतं का? बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, त्यांचं पाप नाही. मला ठाऊक होतं. मी साडी घोट्याच्या वर घेतली आणि दीड हाताची ढांग टाकली.

तो सबंध हिवाळा मी तशी ढांगा टाकत घरात शिरले आणि बाहेर पडले. एका हातात बटाट्यांची पिशवी, अंगावर ह्यांचा जुना ओव्हरकोट, खाली बर्फाचे बूट आणि मध्ये साडी. पहिल्या मजल्यावरच्या मारेशोवाची मुलं माझी नक्कल करायची. मारेशोवा स्वतः बाबागाडी थांबवून मला वाट द्यायची, म्हणजे तिला वाटे तो आमच्या धर्माचा काही प्रकार असावा. ते अगदीच चूक नव्हतं.

"अगं, पत्रा आहे तो," हे एकदा वैतागून म्हणाले. "सगळी इमारत त्याच्यावरून जाते."

"जाऊ दे. तुम्ही पण जा."

"आणि तू?"

"मी जाते की. वरून जाते."

ह्यांनी कपाळाला हात लावला. पण पुढच्या वेळी बटाट्यांची पिशवी स्वतः घेतली.

पानी शेब्कोवाचं वेगळंच. दर शनिवारी ती गुडघे टेकून, तारेचा ब्रश घेऊन तो पत्रा घासायची. कचाकचा, गोलगोल, जणू त्यानं तिचं काही खाल्लं होतं. मी घाबरून कुबातला सांगायला धावले, तर तो आधीच बॉयलरच्या झरोक्यातून बघत उभा होता. मिश्या थरथरत होत्या.

"थांबवा ना त्यांना."

"थांबवू?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं पत्र्याशी झटापट करतोय मी. असा हात मला कधी जमला नाही."

मार्चच्या शेवटी बर्फ ओसरला. कुबातनं स्क्रू काढले, पत्रा पुसून बॉयलरच्या खोलीत कोळशाच्या ढिगामागे उभा केला. येत्या शुक्रवारी छापायचा असं ठरलं. त्याआधीच मंगळवारी, पानी शेब्कोवाच्या पाळीला, तिच्या पांढऱ्याशुभ्र, विणीतच नक्षी असलेल्या अभ्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ उमटली. आदल्या खेपेला रूळ पुसताना कुबातची नजर कुठे चुकली कोण जाणे.

गुरुवारी संध्याकाळी वाळवणाच्या खोलीत घराची सभा भरली. पानी शेब्कोवा अभ्रा दोन्ही हातांत धरून उभी होती.

"माझ्या आईचा आहे," ती म्हणाली. "लढाईत आम्ही अन्नाला मोताद होतो, तेव्हासुद्धा विकला नाही तिनं."

"चूक माझी आहे," कुबात म्हणाला. "मी यंत्रावर छापतो. गेली पाच-सहा वर्षं."

खोलीत कुजबुज झाली. बऱ्याच जणांना ठाऊक असावं, नजरा जमिनीकडे वळल्या त्यावरून वाटलं.

"ते आपल्याला हिवाळाभर ऊब देतात," मारेशोवा हळूच म्हणाली.

"त्याचा त्यांना पगार मिळतो," शेब्कोवा म्हणाली. "अभ्रे काळे करायचा मिळत नाही."

ठराव झाला. पान कुबात धुण्याच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. किल्ली पानी शेब्कोवाकडे राहील, ज्याची पाळी त्याला ती उघडून देईल आणि संपेपर्यंत स्वतः तिथे बसेल. पुन्हा असं झालं तर तक्रार वर जाईल, म्हणजे बॉयलरही जाईल. छापायचं लोकरी कापड, तोच खरा गुन्हेगार म्हणून, तिनं तिथल्या तिथे कचऱ्यात टाकलं.

जिन्यात मी कुबातला गाठलं. "उद्या शुक्रवार आहे. पाळी माझी आहे."

"त्या बसणार आहेत."

"बसू देत."

"नको. तुम्ही पाहुण्या. तुमच्या यजमानांना त्रास होईल. आणि मला काय, पत्रा कोळशामागे सुखात आहे." पण हे बोलताना त्यानं कठड्याला धरलं, आणि एकदम तो मला म्हातारा दिसला. तोवर कधी दिसला नव्हता.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं, अगदी पत्र्यासकट. ढांगांचं कोडं ह्यांना सुटलं.

"आपण कंपनीच्या जिवावर आलोय इथे," ते म्हणाले.

"हो."

"तीन महिने राहिलेत. तेवढे गोडीनं गेले असते."

"तोवर पत्रा गंजेल."

"जस्त गंजत नाही. काळवंडतं."

"तेच ते."

"तेच ते नाही," म्हणत ते उठले, पलंगाशी गेले, आणि सासूबाईंनी थंडीसाठी बळेबळे बांधून दिलेली घोंगडी ओढून काढली. "लोकरीचं कापड लागतं म्हणालीस ना. ही चालते का विचार त्यांना."

सकाळी बॉयलरच्या खोलीत कुबातनं पत्र्यावर शाई चढवली. इतका वेळ घेऊन पुसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तळहातानं पुसायची वेळ आली. त्यानं थोडा वेळ हात काखेत धरून ठेवला आणि मग पुसलं. ओला कागद मी चादरीत गुंडाळून काखोटीला मारला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि पत्रा दोन्ही हातांनी आडवा धरून धुण्याच्या खोलीत गेले. कुबात माझ्यामागे आला आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबला.

पानी शेब्कोवा स्टुलावर विणत बसली होती.

"धुणं कुठाय?"

"हे."

"हे धुणं नाही."

"मला धुवायचं नाही, दाबायचं आहे," मी म्हटलं. रात्रभर घोकलेली वाक्यं होती, भडाभडा आली. "पाळी माझी आहे. ठरावात लिहिलंय की पान कुबात आत पाऊल टाकणार नाहीत. ते बाहेर आहेत. रूळ मी पुसणार. डाग पडला तर तक्रार माझ्या नावानं करा."

ती कुबातकडे बघत राहिली. तो उंबऱ्याबाहेर, बोटं हवेत धरून, शाळेबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा होता. मग तिची नजर खाली आली.

"हा आपल्या दारातला पत्रा."

"हो."

"मी घासत होते तो."

"हो."

विणकामाच्या सुया थांबल्या. तेवढ्यात मी पत्रा फळीवर ठेवला, त्यावर कागद, वर घोंगडी, आणि चाकाला हात घातला. फळीला रुळांनी धरलं. ते चाक फिरवणं माझं काम कधीच नव्हतं. मध्यावर आले आणि दम गेला. थांबले. पुन्हा जोर लावला. कशीबशी फळी पलीकडे निघाली.

मी घोंगडी बाजूला केली. कागद जवळजवळ माझ्या उंचीचा, एकटीनं उचलला तर फाटणार. कुबातचे हात मळके आणि तो बाहेर. मी पलीकडे पाहिलं. पानी शेब्कोवा उठली होती. धुतलेली चादर घडी करताना समोरची बाई जशी न सांगता दोन टोकं धरते, तशी तिनं ती धरली. आम्ही कागद उचलला आणि छापलेली बाजू दाराकडे करून उभा धरला.



आधी दिसलं ते आभाळ. वरपासून खालपर्यंत करडं, घुमणारं, वाऱ्यानं ढवळलेलं, वर्तुळात वर्तुळं गुंतलेली. आणि त्या आभाळातून सगळं घर चाललं होतं. बुटांच्या खिळ्यांच्या रांगा. बाबागाडीच्या चाकांच्या जोडरेघा, त्यातली एक नागमोडी. कुत्र्याच्या नखांचे फराटे. कुणी घसरगाडी ओढत नेली होती, कुणी जड कपाट सरकवलं होतं. शेकडो वेळा आत आणि शेकडो वेळा बाहेर, सगळं एकावर एक, आणि तरी काही बुजलेलं नव्हतं.

"हे मारेशोवाचं चाक," पानी शेब्कोवा म्हणाली. "केव्हाची सांगतेय तिला, तेल घाल." मग थोड्या वेळानं, "हा तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. हा पोस्टमन, हा टाच घासत चालतो." तिची मान हळूहळू फिरत होती. "आणि हे सगळं काय आहे, हे ढग?"

"तुमचा ब्रश," दारातून कुबात म्हणाला.

तिनं तोंड कागदाच्या आणखी जवळ नेलं.

"इथलं सगळ्यात जास्त काम तुमचं आहे," तो म्हणाला. "मी फक्त स्क्रू बसवले."

"मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर असं घासलं असतंत?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "ही कुठाय यात? ही तर उड्या मारायची. सगळं घर आहे, हीच नाही."

ते मलाही तेव्हाच उमगलं. इतके महिने त्या घरात राहून, त्याच दारानं जाऊन-येऊन, मी कुठेच लागले नव्हते. जिथे लागलंय तिथेच छापतं.

"आहे," कुबात म्हणाला. "खालच्या कडेला बघा. डावीकडे."

आम्ही दोघी वाकलो. कडेला लागून केसासारख्या बारीक रेघा होत्या, कोरीव, कमानी कमानी. चंद्रकोरींचा नुसता सडा पडला होता. बुटानं तसलं काही उमटत नाही.

"पत्रा काढला तेव्हापासून मी यावर विचार करतोय," तो म्हणाला. "आत्ता शाई चढवताना कळलं. आमच्या गावी काचेच्या बांगड्या करायचे, लढाईच्या आधी. आई त्यांच्या कडा घासायची. पेट्या भरभरून तुमच्या देशात जायच्या. आम्हा पोरांना वाटे, तिकडच्या बायकांना वीस-वीस हात असणार." त्यानं पुन्हा खालच्या कडेकडे पाहिलं. "काचेची कड जस्तावर अशी रेघ काढते. पण बांगडी जमिनीपर्यंत कशी पोचली, ते मला कळत नाही."

मला कळलं होतं. बर्फाच्या दिवसांत, हातात ओझं असताना ढांग कधी कधी अपुरी पडायची. टाच कडेला लागायची. मग मी वाकून पत्र्याला बोटं लावायचे आणि डोळ्यांना लावायचे, तेवढ्यात बांगड्या घसरून पत्र्याला घासायच्या. सवयीनं, लक्षातही न येता.

"पाय लागला की आम्ही असं करतो," मी करून दाखवलं.

"पत्र्याला?" शेब्कोवानं विचारलं.

"चित्राला."

कुबातनं मान खाली घातली. शाईचे हात त्याला तोंडाकडे नेता येत नव्हते, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. तो तसाच उभा राहिला.

त्या चित्रांबद्दल पुढे पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं. राजवट बदलून त्याचं नाव पुन्हा घेता येऊ लागलं तेव्हा परदेशातून माणसं त्याच्याकडे आली, मोठ्या भिंतींवर त्याची चित्रं लागली, आणि इचलकरंजीत मीही सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या, भंगारात निघालेल्या दोन रुळांवर छापायला लागले. शिकलात कुठे, असं कुणी विचारलं की मी धुण्याच्या खोलीत म्हणते, लोकांना तो विनय वाटतो. पण त्या क्षणी त्या तळघरात चित्राची एकच समीक्षक हजर होती, आणि तिचा चेहरा काही पसंतीचा नव्हता.

"हा उजवा कोपरा पुसट आलाय," पानी शेब्कोवा म्हणाली. "आणि मध्ये ही आडवी पट्टी पडली. तू थांबलीस तिथे."

"दम लागला."

"मांडल मध्ये थांबवायचं नसतं. थांबवलं की कापडावर वळ येतो, हे घरातल्या कुठल्याही बाईला विचार." तिनं माझ्यासोबत कागद चादरीवर आडवा ठेवला, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि वरचा स्क्रू दोन फेरे आवळला. "आणि हे असं झटके देऊन नाही. वजनानं फिरवायचं, खांद्यानं नाही. आणखी कागद आहे का?"

"आहे," कुबात म्हणाला. "ओला करून ठेवलाय. बॉयलरपाशी."

"मग आणा की. पत्र्यावर शाई कोण लावणार? मी लावणार नाही."

तो हलला नाही. "ठरावात म्हटलंय, मी आत पाऊल..."

"ठराव मी लिहिलाय, मला पाठ आहे. आत या आणि दार लावून घ्या, गार हवा येतेय."

तो आत आला. त्यानं पुन्हा शाई भरली, पुन्हा पुसली, या वेळी हात काखेत न धरता. मी बॉयलरपासून दुसरा कागद आणून ठेवला, घोंगडी अंथरली. पानी शेब्कोवानं चाक धरलं आणि एका लयीत, न थांबता, फळी या टोकाकडून त्या टोकाला नेली. आम्ही दोघींनी मिळून कागद उचलला. काळं काळं होतं आणि पांढरं पांढरं. ढग तर असे, की वाटावं आता सरकतील.

ती बराच वेळ बघत राहिली. मग रूळ पुसायला फडकं घेतलं, स्वतःच पुसू लागली, आणि पाठ आमच्याकडे ठेवूनच म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात पत्रा दारात नका लावू. दारात सगळे घाईत असतात. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी लावा. तिथे माणूस थांबतो."